आधी भरती, मग सुट्टी: पुण्याहून कोकणातल्या संरक्षित किनाऱ्यांवर आणि बेटांवर कसं जावं

दिवाळी झाली की मला ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. "सव्वीस जानेवारीला जोडून तीन दिवस मिळतायत. मालवणला जातोय. पोवळी बघू, कासवांची पिल्लं बघू आणि येता येता फणसाड करू." हॉटेलचे पैसे भरून झालेले असतात, गाडी ठरलेली असते. मग मी विचारते, "त्या दिवशी तिथी कोणती?" पलीकडे शांतता.

ही माणसं निसर्गाची मनापासून आवड असलेलीच असतात. चूक होते ती क्रमात. डोंगरावर जाताना सुट्टी आधी आणि बाकीचं नंतर ठरवलं तरी निभावतं. समुद्रावर निभावत नाही. खडकाळ किनारा दिवसातून दोनदा उघडतो आणि दोनदा मिटतो. तो मिटलेला असताना पोहोचलात, तर चारशे किलोमीटर जाऊन लाटा बघून परत येता. बारा वर्षं कुटुंबांचे लहान गट नेते आहे. मला जो क्रम लाभला तो खाली दिला आहे, आणि टप्पे याच क्रमानं करा.

टप्पा १: एका फेरीत एकच जागा, एकच उद्देश

पहिल्यांदा नकाशा उघडा. पुण्याहून साधारण तीन प्रकारच्या जागा आवाक्यात येतात आणि त्या एकमेकींच्या शेजारी नाहीत.

फणसाड अभयारण्य रायगड जिल्ह्यात, मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या हद्दीत आहे. हे किनाऱ्यालगतच्या डोंगरावरचं जंगल. ऐन, किंजळ, अंजन, हातभर लांब शेंगांचे गारंबीचे अजस्र वेल आणि वर शेकरू. प्रवेश सुपेगावकडून. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दीडशे-एकशे साठ किलोमीटर. इथे भरती-ओहोटीचा संबंध नाही, म्हणून लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर सुरुवात इथूनच करावी असं माझं मत.

कासवांचे किनारे म्हणजे मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीतलं आंजर्ले, आणि खाली सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी. ही अभयारण्यं नाहीत, पण ऑलिव्ह रिडले कासवाला वन्यजीव कायद्याचं सर्वांत वरचं संरक्षण आहे. त्यामुळे घरट्याजवळचे नियम अभयारण्याइतकेच कडक समजायचे. वेळास पुण्याहून दोनशे किलोमीटरच्या आसपास.

तिसरं, मालवणचं सागरी अभयारण्य. १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालेलं, क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या जरा वर. महाराष्ट्रातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. इथेच बहुतेकांची पहिली गफलत होते. किल्ला म्हणून ज्या सिंधुदुर्गावर आपण जातो, तो आणि शेजारचा पद्मगड हे दोन्ही या गाभ्यातच आहेत. म्हणजे होडीतून उतरून तटाखालच्या ओल्या खडकावर पाय ठेवलात, की तुम्ही अभयारण्याच्या सर्वांत जपलेल्या भागात उभे असता. तिथे फलक शोधत बसू नका, पाण्यावर रेघ मारलेली नसते. पुण्याहून अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या घरात.

वेंगुर्ल्यासमोरच्या दीपगृहाच्या खडकाळ बेटांचाही विषय निघतो. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे, आणि त्यांच्या घरट्यांची तस्करी झालेली आहे. तिथे हौशी सहल काढू नये. विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर आत असलेली आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं पोवळ्यांचं पठार, ही तर खोल समुद्रातली मोहीम आहे, शनिवार-रविवारचं काम नव्हे.

> तपासा: कागदावर एक वाक्य लिहा: "आम्ही अमुक बघायला अमुक ठिकाणी जातोय." त्या वाक्यात "आणि" आला, तर यादी छोटी करा.

टप्पा २: तारीख काढणे

हा टप्पा सावकाश वाचा. नव्वद टक्के निराशा इथे टळते.

भिंतीवरची दिनदर्शिका घ्या. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब असा: तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ निघते. शुद्ध पक्ष असो की वद्य, दोन्हींत मोजणी प्रतिपदेपासून. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दक्षिणेकडे भरती आधी लागते, म्हणून मुंबईचा तक्ता मालवणला जसाच्या तसा लावू नका. तिथीच्या हिशोबानं आठवडा निवडायचा, नक्की वेळ मात्र त्या बंदराच्या छापील किंवा मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची.

आता दुसरी गोष्ट, जी पुण्यात बसून लक्षात येत नाही. प्रत्येक ओहोटी सारखी खाली जात नाही. पौर्णिमा-अमावस्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं: भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी ना धड चढत ना धड उतरत. खडकातली डबकी, समुद्रफुलं, स्पंज हे सगळं बघायचं तर उधाणाची ओहोटी हवी. भांगाच्या दिवशी ते खडक उघडेच पडत नाहीत.

मग पौर्णिमाच चांगली, असं वाटेल. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. टिपूर चांदणं मिळेल म्हणून चौदा जणांना घेऊन माघी पौर्णिमेला मालवणला गेले, नाश्ता आटोपून अकरा वाजता खडकांवर पोहोचलो. समोर काठोकाठ भरलेला समुद्र. वरचा हिशोब पुन्हा बघा: पौर्णिमेला अकराच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटीचा तळ पहाटे साडेपाचला होऊन गेला होता, आणि पुढचा संध्याकाळी, अंधार पडता पडता. पोरं विचारत होती, "मावशी, खडक कुठायत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोयीची तिथी म्हणजे द्वितीया ते चतुर्थी, दोन्ही पक्षांतली. उदाहरणार्थ वद्य तृतीया: तीन पाऊण सव्वादोन, अधिक सव्वासहा तास, म्हणजे सकाळी साडेआठचा तळ. मालवणला त्याच्या थोडा आधी. ऊन चढायच्या आत खडक मोकळे, उजेड स्वच्छ, आणि उधाणाचा जोरही टिकून असतो. दिवसातल्या दोन ओहोट्यांतही फरक असतो, म्हणून तक्त्यात वेळेशेजारचा मीटरचा आकडा पाहा. मालवणच्या तक्त्यात तो अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर चांगलं दर्शन होईल. एक मीटरच्या आसपास असेल तर खडकांचा नाद सोडून त्या दिवशी होडी किंवा खाडी करा.

कासवांचं गणित वेगळं. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येऊन अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात. त्यामुळे पिल्लं दिसण्याचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत बहुतेक हात हलवत परत येणं होतं. घरटं कधी उघडणार हे त्या गावातल्या कासवमित्रालाच, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यालाच, अंदाजानं सांगता येतं. तो "या आठवड्यात शक्यता आहे" म्हणेल, "शनिवारी सकाळी नक्की" असं म्हणणार नाही. कुणी नक्की सांगत असेल तर सावध व्हा.

> सावधान: मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. "ओळखीनं नेतो" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. पावसाळ्यातला समुद्र ओळखपाळख बघत नाही.

टप्पा ३: विचारणा आणि परवानगी

तारीख निघाली की मगच फोन करा. हॉटेलला नव्हे, आधी वनविभागाच्या संबंधित परिक्षेत्र कार्यालयाला. फणसाडला प्रवेशाची वेळ, वाहन आत जाऊ देतात का, वाटाड्या मिळेल का आणि सुपेगावची राहण्याची सोय मोकळी आहे का, एवढं विचारायचं. ओळखपत्राची मूळ प्रत प्रत्येकाकडे असू द्या.

मालवणला किल्ल्यावर जायला वेगळी परवानगी लागत नाही, होडीचं तिकीट पुरतं. पण पाण्याखाली काम करायचं, नमुने घ्यायचे, शाळेचा प्रकल्प करायचा किंवा ड्रोन उडवायचा, तर लेखी परवानगी लागते. ती महिनाभर आधी मागा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातून काहीही उचलणं किंवा नासधूस करणं हा गुन्हा आहे. पोवळी त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेपर्यंत जाते. "एवढासा तुकडा तर होता" हे तिथे चालत नाही.

चार क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवा. वनविभाग १९२६, तटरक्षक दल १५५४, सागरी पोलिस १०९३, आणि नेहमीचा ११२. कागदावरही लिहा, किनाऱ्यावर मोबाइल भिजतो.

टप्पा ४: वाट

फणसाड आणि वेळास, दोन्हींसाठी ताम्हिणी. फणसाडला कोलाड-रोह्याकडून, वेळासला माणगाव, लोणेरे, आंबेत, मंडणगड करत. वरंधा घाट जवळचा वाटतो, पण दुरुस्तीसाठी आणि पावसाळ्यात तो वारंवार बंद असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. मालवणला कोल्हापूरवरून गगनबावड्याकडून, किंवा निपाणीवरून राधानगरी-फोंडा घाटानं कणकवलीला उतरा.

गाडी नसेल तर स्वारगेटवरून एसटी आहेच. रेल्वेनं जायचं तर पनवेलला जाऊन कोकण रेल्वे पकडणं सोपं, उतरायचं कुडाळ किंवा कणकवलीला.

चूक एकच, पण हमखास होणारी: रात्रभर गाडी चालवून पहाटे पोहोचायचं आणि तसंच झोपाळलेल्या डोळ्यांनी शेवाळलेल्या खडकांवर चढायचं. शुक्रवारी दुपारी निघा, रात्री झोपा, सकाळी खडकावर जा. अर्धा दिवस रजा पडेल. पडू द्या.

> सावधान: गाडी वाळूत नेऊ नका. दर मोसमात एमएच बारा आणि चौदाच्या गाड्या भरतीत अडकलेल्या दिसतात. त्याहून वाईट म्हणजे चाकाखालची वाळू दबते, आणि खाली दीडेक फुटावर कासवाची अंडी असू शकतात.

टप्पा ५: पिशवीत काय

घट्ट बसणारे, रबरी तळव्याचे जुने बूट. चप्पल नको, अनवाणी तर मुळीच नको. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जखम छोटी दिसते पण चिघळते.

पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा शर्ट. पाण्यात उतरणार असाल तर उन्हाचं मलम शक्य तितकं टाळा, त्यातली काही रसायनं पोवळ्यांना बाधतात. अंग कपड्यानं झाका. टोपीला दोरी असू द्या.

प्यायचं पाणी माणशी दोन लिटर, मीठ-साखर, जंतुनाशक, पट्ट्या, चिमटा. रोख पैसे, कारण वेळाससारख्या गावात नेटवर्कचा भरवसा नाही. एक रिकामी जाड पिशवी कचऱ्यासाठी, आणि तो कचरा पुण्याला परत आणायचा. त्या गावांत तो जिरवायची सोय नाही. तिथल्या डब्यात टाकलेली बाटली बहुतेक वेळा वाऱ्यानं खाडीतच जाते.

कासवांसाठी जात असाल तर बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद, दोन पदर. साधा रबरबँड लावून बसतो. रविवार पेठेत कागदाच्या दुकानांत मिळतो.

बाटलीबंद माशांचं खाद्य, ब्रेड, बिस्किटं नेऊ नका. का, ते टप्पा ८ मध्ये.

टप्पा ६: होडी

सकाळी जा. सकाळी समुद्र निवांत असतो, दुपारनंतर वारा वाढतो आणि परतीच्या वाटेवर होडी आपटायला लागते. एकदा मालवणच्या धक्क्यावर तांडेलकाका, म्हणजे आमची होडी चालवणारे, आकाशाकडे बघून म्हणाले, "आज वारो वाढतलो. अकराच्या आधी परत येवया." आमच्यातल्या एकानं मोबाइल पुढे करून दाखवलं की अंदाजात वारा नाही. काकांनी काही उत्तर दिलं नाही. साडेअकराला किल्ल्यावरून बघितलं तर पाण्यावर पांढरे तुरे उठले होते. तांडेल नको म्हणाला की तिथे चर्चा थांबवायची, पैसे भरलेले असले तरी.

चढण्याआधी तीन गोष्टी बघा. होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या रंगवलेली आहे का, माणसं तेवढीच आहेत का, आणि जीवरक्षक जाकीट प्रत्येकाला आहे का. जाकीट मांडीवर ठेवायचं नाही, घालून बंद लावायचे. मुलांचं जाकीट खांद्यांना धरून वर उचलून पाहा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा.

डॉल्फिन दिसले की सगळे एका बाजूला धावतात आणि होडी कलते. जागेवर बसा. तांडेलला "जवळ घ्या, जवळ घ्या" म्हणू नका. आपण म्हणतो म्हणूनच तो पाठलाग करतो. पन्नास मीटरवर इंजिन मंद ठेवून थांबलात, तर बऱ्याचदा तेच जवळून जातात. पाच-दहा मिनिटं बघा आणि निघा. चार होड्यांनी घेरलेला कळप पिल्लाला घेऊन बुडी मारतो आणि दूर जातो, मग कुणालाच काही दिसत नाही.

टप्पा ७: खडकावर

वेळेचा नियम असा: तळाच्या ओहोटीच्या दीड तास आधी उतरायला सुरुवात करा, पाणी मागे सरकेल तसं मागे मागे जा, आणि तळाची वेळ झाली की परत फिरा. त्या वेळी मोबाइलचा गजर लावाच. पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते आधी पाठीमागच्या घळीत भरतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत गेलेले लोक दरवर्षी अडकतात ते याच कारणानं. वर फोटो काढत थांबतात, आणि खाली आल्यावर मधल्या पट्ट्यात कमरेएवढं पाणी असतं. अडकलात तर पाण्यात उतरू नका. उंचावर बसून पुढच्या ओहोटीची वाट बघा आणि ११२ किंवा १०९३ ला कळवा.

चालायचं कसं? कोरड्या, खडबडीत, पांढुरक्या दगडावर पाऊल टाका. हिरव्या आणि काळ्या चकचकीत भागावर पाय घसरतो, शिवाय तिथेच जीव दाटीनं राहतात. ओळीत चाला, पुढच्याच्या पावलावर पाऊल. पंधरा माणसं पंधरा वाटांनी गेली तर पंधरापट तुडवणूक होते.

एका डबक्याशी बसा. खरंच बसा, किमान दहा मिनिटं, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूनं. पहिली दोन मिनिटं नुसती वाळू आणि दगड दिसतात. मग एक शंख चालायला लागतो, त्यातून साधू खेकड्याचे लालसर पाय बाहेर येतात. दगडाचा एक डाग हलतो आणि तो मासा असल्याचं कळतं. कडेला गोळा होऊन बसलेला चिकट गोळा हळूहळू उमलतो, ते समुद्रफूल. धावत वीस डबकी बघणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही, मी मुलांना एकेक डबकं वाटूनच देते.

दगड उलटू नका. उलटलाच, तर तसाच परत ठेवा, त्याच बाजूनं. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली अंडी आणि स्पंज उन्हात अर्ध्या तासात मरतात. डबक्यातला प्राणी उचलून दुसऱ्या डबक्यात टाकणं म्हणजेही त्याला मारणंच.

> सावधान: शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख कधीही हातात घेऊ नका. आतली गोगलगाय विषारी दंश करते, आणि काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेततो. गुडघाभर पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दडलेला पाकट मासा त्यानं आधीच सरकतो. निळसर फुग्यासारखं काही किनाऱ्यावर पडलेलं दिसलं तर मेलेलं समजून हात लावू नका, त्याचे धागे तेव्हाही डसतात.

टप्पा ८: पाण्याखाली

स्नॉर्कलिंग करायचं तर आदल्या दिवशी उथळ, वाळूच्या पाण्यात मुखवटा आणि नळीची सवय करा. घाबरलेला माणूस पाय खाली टेकतो, आणि मालवणला खाली पोवळं असतं. पोराइट्ससारखं दगडी पोवळं वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. ताटाएवढा गोळा तुमच्या नोकरीच्या वर्षांपेक्षा जुना असू शकतो, आणि एका टाचेनं त्याचा वरचा जिवंत थर जातो. स्कूबा नीट शिकायचं असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे आधी पाठ घ्या, मग समुद्र.

ब्रेडचा मुद्दा. फोटोत मासे भोवती जमावेत म्हणून पाण्यात ब्रेड चुरला जातो. तो त्यांचं अन्न नव्हे. खडकावरचं शेवाळ खाऊन पोवळ्याला मोकळं ठेवणारे मासे तो खायला लागले की आपलं काम सोडतात. होडीत चढण्याआधीच स्पष्ट सांगा: "आम्हाला ब्रेडचा फोटो नको, पोवळ्यावर उभं राहायचं नाही, तारामासा हातात द्यायचा नाही." गिऱ्हाईकानं सांगितलं की ऐकतात. हे मी अनेकदा करून पाहिलं आहे.

आणखी एक. मालवणच्या मच्छीमारांचा या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध राहिला आहे, कारण पोटाचा प्रश्न त्यांचा आहे. आपण दोन दिवसांचे पाहुणे. त्यांना संवर्धन शिकवायला जाऊ नका. कोणत्या महिन्यात कोणता मासा कुठे असतो हे विचारा आणि ऐका.

टप्पा ९: कासवांच्या किनाऱ्यावर

पिल्लं सोडण्याच्या वेळा साधारणपणे सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असतात. अर्धा तास आधी पोहोचा. कासवमित्र दोरी बांधतात, तिच्या मागे उभं राहायचं, मुलं पुढे, मोठे मागे.

उभं राहण्याआधी एक काम करा, जे फारसं कुणी करत नाही. दोरी आणि पाणी यांच्यामधली वाळू बघा. तिथे पावलांचे खड्डे असतील तर कासवमित्राला विचारून ते हातानं सारखे करा. आपल्या टाचेचा खड्डा म्हणजे तळहाताएवढ्याही नसलेल्या पिल्लाला विहीरच. ते त्यात उलटं पडतं, पाय मारत राहतं आणि घारी-कावळ्यांना आयतं सापडतं.

फ्लॅश बंद, मोबाइलचा दिवा बंद. पिल्लू उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, जायला बांधलेलं असतं. मागून दिवा लागला की ते वळतं. मी एकदा बघितलं आहे. एका गृहस्थांनी मुलीचा फोटो काढताना फ्लॅश लावून ठेवला, आणि पाण्यापासून चार हातांवर पोहोचलेलं पिल्लू थांबलं, गोल फिरलं आणि आमच्याकडे यायला लागलं. दोरीमागचा सगळा जमाव गप्प झाला. कासवमित्रानं पुढे होऊन दिवा बंद करायला लावला, आणि त्या पिल्लाला तेवढंच अंतर पुन्हा कापावं लागलं.

पिल्लाला उचलून पाण्यात सोडायचा मोह होतो, विशेषतः लाट त्याला परत फेकते तेव्हा. सोडू नका. वाळूवरची ती चाल त्याला लागते.

रात्री किनाऱ्यावर भटकू नका. अंडी घालायला येणारी मादी उजेड आणि हालचाल दिसली की तशीच परत जाते.

> सावधान: जखमी किंवा सुस्त मोठं कासव दिसलं तर पाण्यात ढकलू नका, ते बुडून मरू शकतं. सावली करा, ओलं फडकं पाठीवर टाका, नाकातोंडावर नको, कुत्री दूर ठेवा आणि १९२६ ला फोन करा.

टप्पा १०: निघताना

खोली सोडण्याआधी मुलांचे खिसे, डबे आणि पाण्याच्या बाटल्या तपासा. मोठ्यांचेही. काही वर्षांपूर्वी परतताना आम्ही कणकवलीला चहाला थांबलो होतो. मागच्या सीटवरून बारीक खरखर ऐकू येत होती. भाचीच्या खाऊच्या डब्यात सात "रिकामे" शंख होते आणि त्यातले तीन चालत होते. भावानं एक शब्द न बोलता गाडी वळवली. चाळीसेक किलोमीटर मागे गेलो, जिथून उचलले होते तिथेच, ओल्या खडकाच्या फटीत, एकेक करून ठेवले. भाची डोळे पुसत बघत होती. तेव्हापासून मी खोलीतच, पलंगावर टॉवेल अंथरून, सगळ्या पिशव्या रिकाम्या करायला लावते.

खरोखर रिकामा शंखही आणू नका. साधू खेकडा वाढला की त्याला मोठं घर लागतं, आणि किनाऱ्यावर रिकामे शंख कमी पडले तर तो उघडा राहतो. धक्क्यावरच्या दुकानांतले शंख, पोवळी, वाळवलेले समुद्रघोडे विकत घेऊ नका. समुद्रघोडा आणि पोवळी यांचा व्यापार कायद्यानं बंद आहे आणि पावती मिळाली म्हणून तो वैध होत नाही.

पुण्यात पोहोचल्यावर पिशवीच्या तळाशी एखादा शंख निघालाच, तर तो मुठेत टाकू नका आणि माशांच्या टाकीतही ठेवू नका. आत जीव असेल तर ओल्या फडक्यात, सावलीत, हवा खेळती ठेवून लगेच १९२६ ला विचारा. रिकामा असेल तर चिठ्ठी लावून ठेवा, कोणत्या किनाऱ्याचा ते लिहा, आणि पुढच्या महिन्यात तिकडे जाणाऱ्याच्या हाती द्या. आमच्या दारामागच्या खुंटीला अशी एक कापडी पिशवी कायम असते, सध्या तिच्यात आंजर्ल्याचे दोन आणि मालवणचा एक आहे.